बिल्ला कुठंय?

बायकोलाही आजवर सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. मला एका फळ्याची भीती वाटते. पन्नाशी ओलांडली आहे, सुप्याच्या कारखान्यात प्रोजेक्ट इनचार्ज आहे, हाताखालची माणसं मला वचकून असतात. पण पत्र्याचा तो पांढरा फळा समोर आला की मी नजर खाली घालतो. शेडमध्ये शिरलो की मी पलीकडच्या भिंतीकडून जातो. फळ्यापाशी थांबावंच लागलं तर त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. लोकांना वाटतं, गुंजाळ साहेबांना गर्व आहे.

फळा सिराजभाईंचा. म्हणून आधी सिराजभाई.

संध्याकाळी शिफ्ट सुटताना आमच्या शेडमध्ये आलात तर तुम्हाला वाटेल, इथं शाळा भरते. उंच, खांद्यात वाकलेला, दाढीला मेंदी लावलेला एक माणूस फळ्यासमोर उभा असतो. एकेका बिल्ल्यावर बोट टेकवतो आणि खड्या आवाजात नाव पुकारतो. "तांबे!" कुठूनतरी "ओ!" येतो. "शिंदे वेल्डर!" "ओ!" "शिंदे पेंटर!" "आहे भाई, आहे!" "आहे नाही, ओ म्हण!" ज्याचा ओ येत नाही त्याच्यासाठी कंपनीची बस थांबते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, लोक शिव्या घालतात. भाई हलत नाहीत.

एकदा शिंदे वेल्डरचा ओ आला नाही. सगळी शेड पालथी घालून भाई शेवटी संडासाच्या दारावर जाऊन थडकले.

"आत कोण आहे?"

"मी आहे भाई, शिंदे!"

"बिल्ला कुठंय?"

"आता इथं बिल्ला कुठून आणू?"

"इथं नाही, फळ्यावर. जाताना लावून जायचा. फळ्यानुसार तू वेल्डिंगला आहेस. मग हा आत कोण बसलाय?"

बसमधली माणसं खिडक्यांतून डोकी काढून हसत होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक नवी चिठ्ठी होती, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात: 'संडास'.

हा फळा आला कुठून, तेही सांगायला हवं. आम्ही पशुखाद्याच्या कारखान्यांना लागणारे मोठे मिक्सर बनवतो. आडवा पडलेला लोखंडी हौद, त्याच्या पोटात आडवा दांडा आणि दांड्याला माणसाएवढी पाती. एकेक मिक्सर उभा करायला महिने जातात. कटिंगवाले, वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, पेंटर, सगळे एकाच मशीनवर आळीपाळीने. पूर्वी कुणाचं काय चाललंय हे कुणालाच माहीत नसायचं. पेंटर रंग मारून जायचा आणि मागून वेल्डर येऊन तोच रंग जाळायचा.

मालकांनी तेव्हा प्लॅनिंगच्या सिराजभाईंना पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. अशा ट्रेनिंगला आम्हीही गेलोय. दुपारचं जेवण चांगलं असतं आणि त्यानंतर झोप चांगली लागते. भाई मात्र जागे राहिले. परत आले ते पत्र्याचा फळा घेऊनच. त्यावर चार रकाने आखले: 'करायचं', 'चालू', 'अडलंय', 'झालं'. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. अडलेल्या कामाची चिठ्ठी लाल. आणि प्रत्येक माणसाचा एक बिल्ला, मागे चुंबक लावलेली पत्र्याची गोल चकती. दोन शिंदे, तीन बाळू, म्हणून नावाशेजारी भाईंनी स्वतःच्या हाताने चित्रं काढली. इलेक्ट्रिशियन तांबेला विंचू. फिटर बाळू पाथर्डीचा, डब्यात रोज ठेचा, म्हणून त्याला लाल मिरची. माझ्या बिल्ल्यावर कासव.

"मी कासव का हो भाई?"

"राग मानू नका साहेब. सावध जनावर आहे. जरा भीती वाटली की आत जातं."

तेव्हा मी हसलो होतो.

नियम दोनच. पहिला: 'बोलू नका, दाखवा.' म्हणजे काम झालं असं तोंडाने सांगायचं नाही, चिठ्ठी हलवायची. दुसरा: 'ज्याचा बिल्ला, त्याचाच हात.' ज्या मशीनवर तुम्ही काम करता त्या चिठ्ठीवर तुमचा बिल्ला तुम्हीच लावायचा आणि तुम्हीच काढायचा. चिठ्ठीवर कुणाचाही बिल्ला असेपर्यंत तांबे त्या मशीनला करंट द्यायचा नाही. पॅनेलला कुलूप ठोकायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नव्हती. आमचं कुलूप म्हणजे तो बिल्ला.

भाईंना फळ्याचं वेडच लागलं. पोरीच्या लग्नात नगरला मांडवाच्या तोंडाशी फळा उभा. 'काझीसाहेब – चालू', 'मंडप – झालं', आणि लाल चिठ्ठीवर 'बिर्याणी – अडलंय'. ती चिठ्ठी आधी वरातीने वाचली. मुलाचे वडील नवऱ्या मुलाला तसाच सोडून भाईंकडे आले. "सिराजमियाँ, बिर्याणी कुठे अडली?" भाई शांतपणे म्हणाले, "दही यायचंय. पण लपवलं नाही ना मी? लाल लावलं की दही येतं." आणि खरंच, वऱ्हाडातलेच दोघं मोटारसायकलवर जाऊन दही घेऊन आले.

हे सगळं मी कँटीनमध्ये रंगवून सांगतो. भाईंच्या नकलाही चांगल्या करतो. ऐकणाऱ्या नव्या पोरांना वाटतं, म्हातारा पहिल्यापासून असाच चक्रम. तसं नाही. लग्नातला फळा आधीचा. तेव्हा भाई हसत होते आणि आपणही त्यांच्याबरोबर हसावं असा तो प्रकार होता. नावं पुकारणं, ओ मागणं, संडासाचं दार ठोठावणं हे नंतरचं. ते माझ्यामुळे सुरू झालं.

शुक्रवार होता. मालक गिऱ्हाइकाला घेऊन दुपारी येणार होते. नवी मोठी ऑर्डर हातात येते की जाते असं चाललेलं. सकाळीच मालकांचा फोन. "गुंजाळ, पाहुणे फळा बघणार. लाल दिसता कामा नये." मी हो म्हणालो. मालकांना मी नेहमी हो म्हणतो.

भाई फळ्यापासून हलायचे ते फक्त शुक्रवारच्या नमाजाला. त्या दिवशीही जाताना त्यांनी खालच्या रांगेतले मोकळे बिल्ले बोटाने सरळ केले, ती त्यांची सवय होती, आणि स्कूटरला किक मारून ते सुपा गावात मशिदीकडे गेले. जेवणाची सुट्टी झाली. शेड रिकामी. मी फळ्यासमोर आलो. 'अडलंय'मध्ये एकच लाल चिठ्ठी होती, मोठ्या मिक्सरची. पात्याचा एक बोल्ट बसत नव्हता. चिठ्ठीवर मिरचीचा बिल्ला.

मी बिल्ला उचलून खालच्या रांगेत ठेवला. लाल चिठ्ठीच्या जागी पांढरी लिहून ती 'झालं'मध्ये लावली. पाहुणे गेले की पुन्हा होती तशी करू, असा विचार. आणि जेवणाच्या सुट्टीत आत कोण असणार? बाळू जेवायला गेला असेल, बिल्ला काढायला विसरला असेल. हौदात वाकून बघायला मला पंधरा-वीस पावलं जावं लागलं असतं. गेलो नाही. गेटवर गाडी वाजली म्हणून मी मालकांच्या स्वागताला धावलो.

बाळू आत होता. बहिणीचा साखरपुडा होता. दुपारच्या जीपने पाथर्डीला निघता यावं म्हणून जेवण सोडून तो तो बोल्ट बसवत होता. तांबे जेवून आला, फळा बघितला. चिठ्ठी 'झालं'मध्ये, बिल्ला नाही. पाहुण्यांपुढे मशीन फिरवून दाखवायचं होतंच. त्याने ट्रायल दिली.

तो आवाज मी इथं लिहिणार नाही. मला तो अजून मिक्सीच्या आवाजात ऐकू येतो. घरी चटणी वाटायची झाली की मी बाहेर जाऊन उभा राहतो.

तांबेने लगेच बंद केलं म्हणून बाळू वाचला. डावा पाय गेला नाही, पण गुडघ्यात पुन्हा वाकला नाही.

भाई परत आले तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. मालक फळ्यापुढे उभे. तांबे रडत होता, "बिल्ला नव्हता साहेब, आईशप्पथ, बिल्ला नव्हता!" मालकांनी विचारलं, "कुणी काढला?" सगळे गप्प. मीही. पोराचं कॉलेज, घराचे हप्ते, असलं काहीही त्या वेळी मनात आलं नव्हतं. नंतर मी स्वतःला ती कारणं दिली. त्या क्षणी फक्त भीती होती.

भाईंनी फळा बघितला. बराच वेळ बघितला. मग स्वतःचा उजवा हात वर करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"जाताना मी बिल्ले सरळ केले," ते म्हणाले. "माझ्याच हाताने गेला असणार. दुसरं कोण हात लावतं फळ्याला?" आणि माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही बघितलं ना मला बिल्ले सरळ करताना?"

मी मान हलवली.

एवढंच केलं मी. खोटं बोललो नाही. त्यांनी बिल्ले सरळ केलेले मी खरंच बघितले होते.

त्यानंतर पॅनेलला कुलपं आली, प्रत्येकाच्या खिशात किल्ली आली. प्लॅनिंग कॉम्प्युटरवर गेलं, त्यावर नवी मुलगी आली. भाईंना मालकांनी काढलं नाही, फळ्यापुरतं ठेवलं. फळ्याची आता कुणाला गरज नाही. पण रोज संध्याकाळी नावं पुकारली जातात आणि प्रत्येक जण ओ देतो. तांबे तर सगळ्यांत मोठ्याने.

माझी भीती तिथून सुरू झाली. मला वाटलं होतं, महिन्याभरात सगळे विसरतील. बाकीचे विसरले. भाई विसरेनात. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येतात. "गुंजाळ साहेब, जरा फळ्याकडे येता?" मी मागोमाग जातो.

"हे बघा. मी इथं उभा होतो. हात असा नेला, असा. बिल्ला गेला असेल माझ्याकडून, कबूल. पण चिठ्ठी? लाल चिठ्ठी 'झालं'मध्ये कशी गेली? ती तर पांढरी झाली होती साहेब. चिठ्ठी मी कधी लिहिली? अडलेलं काम झालं म्हणून मी कशाला लावीन? माझा हात तिकडे जाणारच नाही."

मी म्हणतो, "भाई, सोडा ना आता."

ते फळ्याकडे बघत राहतात. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघतो. आता कळेल, आता कळेल. अक्षर तर माझं होतं. पण त्या दिवशी त्यांनी फक्त रंग बघितला होता. संध्याकाळी मीच ती चिठ्ठी काढून खिशात घातली होती आणि घरी जाऊन चुलाण्यात टाकली होती, हे त्यांना माहीत नाही. मग ते हळू आवाजात म्हणतात, "म्हणजे डोकंच ठिकाणावर नाही माझं. केलेलं आठवत नाही, तर आणखी काय काय केलं असेल?" आणि कप ठेवून जातात. मला सुटल्यासारखं वाटतं. लाज त्याच्या मागून येते, पण आधी सुटल्यासारखंच वाटतं.

सुट्टीच्या दिवशी भाई एसटीने पाथर्डीला जातात. बाळूने तिथं पिठाची गिरणी टाकली आहे. मागे एका लग्नात तो भेटला. पाय लांब करून खुर्चीवर बसला होता, मला बघून हसला. मला त्याच्या शेजारी बसवेना.

"बसा की साहेब. भाई येत्यात बरं का माझ्याकडं. आले की पहिलं बटन बंद करत्यात, मग भिंतीला माझा बिल्ला लावत्यात, मिरचीचा. म्हनलं, भाई, आता मी कशाच्या आत जात न्हाई, आत जातंय ते पीठ. तर म्हनत्यात, 'तरी पण ओ दे.' मी बी देतो. माझं काय जातंय? लई जीव लावत्यात. त्यांच्यावर माझा काई राग न्हाई, सांगा त्यांना. मी सांगितलं तर रडाया लागत्यात."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही.

या ईदला मी प्रथमच भाईंच्या घरी गेलो. एरवी काहीतरी निमित्त काढून टाळत आलो होतो. या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर बोलावलं, "पुढच्या ईदला मी रिटायर असणार साहेब, तेव्हा तुम्ही कसले येता!" नाही म्हणता येईना. नगरला त्यांच्या गल्लीत पोरं नव्या कपड्यांत फिरत होती. शमीमभाभींनी शीरखुर्मा दिला. समोर फ्रिज होता, आणि फ्रिजच्या दारावर चार रकाने.

मी हसायला तयार होऊन बघितलं. मला वाटलं, 'दूध – झालं', 'भाभी – अडलंय' असलं काही असेल, उद्या कँटीनमध्ये सांगता येईल.

चिठ्ठ्या अशा होत्या: 'गॅस बंद केला.' 'दाराला कडी लावली.' 'नळ बंद केला.' 'गोळी घेतली, पुन्हा घ्यायची नाही.'

भाई कुणाला तरी सोडायला खाली गेले होते. भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "दोन डॉक्टरांना दाखवलं भाईसाब. डोक्याचे फोटो काढले. दोघंही म्हणाले, काही झालेलं नाही, तुमच्यापेक्षा यांची याददाश्त चांगली आहे. पण यांना पटेल तर ना! रात्री उठून गॅस बघतात. स्कूटर विकून टाकली. म्हणतात, माझ्या हातांनी काय केलं ते मला कळत नाही. आणि ही बघा…"

पोरीची पोर आली होती, रांगती. फ्रिजच्या खालच्या कडेला तिचाही बिल्ला होता, त्यावर चिमणी.

"जन्मली तेव्हापासून यांनी तिला एकदाही उचललेलं नाही. समोर बसतात, खेळवतात, नाव पुकारतात. ती हूं करते, त्यावर खूश. पण उचलून घेत नाहीत."

तेवढ्यात भाई वर आले. पोर रांगत त्यांच्या पायाशी गेली आणि तिने दोन्ही हात वर केले. भाईंनी आपले हात पाठीमागे नेले. एका हाताने दुसरा हात धरला, घट्ट. वाकून तिच्याशी बोलत राहिले. "चिमणी! कुठंय चिमणी?" ती रडायला लागली तसे ते कावरेबावरे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तुम्ही घ्या ना हिला जरा. तुमचे हात पक्के आहेत."

मी घेतलं. काय करणार? पोर माझ्या खांद्यावर गप्प झाली. भाई दोन पावलांवर उभे राहून आम्हा दोघांकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांची नजर चुकवत मी पोरीला छातीशी घट्ट धरलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. "भाई, तो बिल्ला…" एवढं निघालं. ते लगेच फ्रिजकडे वळले, चिमणीचा बिल्ला उचलला आणि माझ्या शर्टाच्या खिशाला लावायला बघू लागले. "हां, बरोबर साहेब, बिल्ला हवाच. ती आता तुमच्याकडे आहे." कापडाला चुंबक कसं लागणार? तो खाली पडला. सगळे हसले, मीही हसलो, आणि राहून गेलं.

भाई सकाळी चष्मा पुसून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. हे लिहिलेलं छापून आलं तर तेही कधीतरी त्यांच्या हातात पडेल. त्याआधी मी त्यांच्यासमोर उभं राहायला हवं, फळ्याकडे तोंड करून. बिल्ला मी काढला, चिठ्ठी मी लिहिली, तुमचा हात चुकला नव्हता आणि तुमचं डोकं कधीच बिघडलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं आहे. मग पाथर्डीला जाऊन बाळूला आणि परत येऊन तांबेला. एवढं देणं मी लागतो. अजून दिलेलं नाही.